भाकरीतले लोह अंगी लागायचे तर…

‘घरची बाजरी आहे, रोज पोटभर भाकरी खाते, मग अंगात रक्त कमी कसे?’ असा प्रश्न पुष्कळ भगिनींना पडतो. १०० ग्रॅम बाजरीत ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक दाण्यातच दडलेले आहे.

कोंब फुटेल तेव्हा लागणारे स्फुरद दाणा आधीच साठवून ठेवतो. ही शिदोरी म्हणजे फायटिक आम्ल. ते मुख्यतः कोंड्यात व अंकुरात असते. पोटात गेल्यावर ते लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना धरून ठेवते, अंगी लागू देत नाही.

मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणच्या खेड्यांतील वाढ खुंटलेल्या तरुणांची माहिती १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा आहार बहुतांशी न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता. शिवाय ते मातीही खात. अशा रुग्णांत जस्ताची कमतरता असते, हे पुढे इजिप्तमधील अभ्यासात दिसून आले.

मग कोंडा चाळून टाकावा काय? मुळीच नाही. त्याबरोबर चोथा, जीवनसत्त्वे आणि खनिजेही जातात. दाण्याला ओल मिळाली की त्यातले फायटेज नावाचे विकर जागे होते आणि हे आम्ल फोडू लागते. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे या आपल्या जुन्या रीतींचे मर्म हेच.

गृहिणींनी एवढे करावे:

• नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. खडखडीत वाळवून, किंचित भाजून दळावी.

• मटकी, मूग मोड आणूनच शिजवावेत.

• नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून सकाळी आंबील करावी.

• जेवताना उसळीवर, भाजीवर लिंबू पिळावे. आवळा किंवा पेरू खावा. त्यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते.

• जेवणाला लागून चहा घेऊ नये. तासाभराचे अंतर ठेवावे. चहाही लोह अडवतो.

मात्र रक्त फार कमी झाले असेल, तर केवळ आहारावर विसंबू नये. आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. तेथून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या पाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर नव्हे.