व्हाउचरच्या पाठीवरची टिटवी

निवृत्त माणसाच्या वाट्याला दोन कामे हमखास येतात. एक, सकाळी दूध आणणे आणि दुसरे, दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत असे लिहून देणे. गेल्या नोव्हेंबरात या दुसऱ्या कामासाठी कागद शोधायला म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पेन्शनचा कागद काही मिळाला नाही, पण तळाशी एक खाकी लिफाफा सापडला. त्यात पन्नाससाठ चिठ्ठ्या होत्या. साऱ्या बँकेच्या जुन्या, रद्द झालेल्या व्हाउचरच्या पाठकोऱ्या. वरच्याच चिठ्ठीवर माझ्या तेव्हाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : 'जुलै १९८७. लाखनी. टिटवी. चार अंडी, मातीच्या रंगाची.'

"काय सापडलं एवढं?" हिने स्वयंपाकघरातून विचारले.

"जुनी उधारी," मी म्हणालो. ते अगदी खोटेही नव्हते.

माझ्या कादंबऱ्या वाचणारी मंडळी कधीमधी विचारतात, तुम्हाला सुचते कसे? या प्रश्नाला मी आजवर निरनिराळी उत्तरे दिली. खरे उत्तर या चिठ्ठीत आहे, आणि ते मला फारसे शोभणारे नाही. म्हणूनच आज ते सांगून टाकावे म्हणतो.

लाखनी हे भंडारा जिल्ह्यातले गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भंडारा आणि साकोली यांच्या मधे. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता ५३ झाला आहे. १९८५ च्या सुमारास पंचविशीच्या आतबाहेर असताना माझी तिथल्या शाखेत बदली झाली, तेव्हा मी अगदी हिरमुसलो होतो. मला कवी व्हायचे होते. कविता सुचायची तर कोकण हवे, माथेरान हवे, निदान आपले रामटेक तरी हवे, जिथल्या टेकडीवर कालिदासाला मेघदूत सुचले असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. लाखनीत काय होते? रात्रभर धडधडणारे ट्रक, राईस मिलचा कोंडा, बुधवार असो की रविवार, सारखीच दिसणारी धुळीची दुपार. आणि माझ्याकडे काम काय, तर पीककर्जाचे. राजदूत मोटरसायकलवर बसून गावोगाव जायचे, धानाच्या बांध्या पाहायच्या आणि छापील फॉर्मवर पिकाची स्थिती भरायची.

१९८७ हे देशभर दुष्काळाचे वर्ष. जुलै उलटत आला तरी पावसाचे चिन्ह नव्हते. धानाची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपे वाढवायची. मग बांध्यांत पाणी साचले, चिखल झाला की ती रोपे उपटून ओळीने रोवायची. ही रोवणी. पऱ्हे ठरावीक दिवसांपलीकडे वाट पाहत नाही. वेळ टळली, रोप निबर झाले, की मागाहून कितीही पाऊस पडो, व्हायचे ते नुकसान होऊन जाते.

अशाच एका दुपारी मी एका खातेदाराच्या शेताकडे निघालो होतो. गाडी धुऱ्यावरून घालणार, तोच पलीकडून एका म्हातारीने हात वर केला.

"थांबा जी साहेब! तिकडून नोका जाऊ. टिटवीचे अंडे आहेत तिथं."

मी थांबलो. टिटवी तर डोक्यावर कल्लोळ करीतच होती. पण अंडी काही दिसेनात. म्हातारीने बोट दाखवले, तेव्हा माझ्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर चार ठिपकेदार अंडी दिसली, टोके आत करून नीट मांडलेली. घरटे म्हणावे असे काही नव्हते. नुसता जमिनीतला एक उथळ खळगा आणि कडेला चार खडे. अंडी आणि ढेकळे यांचा रंग इतका एक की नजर हलवली की ती पुन्हा हरवत.

मला भरूनच आले. तापलेली जमीन, ओरडणारा पक्षी आणि उघड्यावर टाकलेला तो विश्वास! खिशात कागद नव्हता, म्हणून एक रद्द व्हाउचर काढले आणि तिथेच पाठीवर लिहीत बसलो. म्हातारी आणि तिचा मुलगा, म्हणजे आमचा खातेदार, दोघे जरा लांब उभे राहून माझ्याकडे पाहत होते. लिहून झाल्यावर मी त्याच आनंदात फॉर्म काढला, आधीच्या चार फॉर्मांवर जे लिहिले होते तेच याच्यावर उतरवले, 'रोवणी सुरू', खाली सही ठोकली आणि निघालो. त्याच्या बांधीत मी उतरलोसुद्धा नाही.

कविता झाली. भंडाऱ्याच्या एका घरगुती बैठकीत वाचली, वाहवाही मिळाली. आठवडाभर मी हवेत होतो.

हिवाळा आला. पिके बुडालीच होती. अशा वर्षी ज्या गावांची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली येते तिथल्या पीककर्जाचे मुदतकर्जात रूपांतर करून हप्ते पाडून देण्याची सोय असते. याद्या तयार होऊ लागल्या. एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि एक फॉर्म पुढे सरकवला. "हा माणूस म्हणतो, एक रोपही लागलं नाही. आणि तुम्ही जुलैत लिहिलंय, रोवणी सुरू. खोटं कोण बोलतंय?"

मी फॉर्म पाहिला. सही माझी. तारीख टिटवीची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घरी गेलो. खातेदार कामाला बाहेरगावी गेला होता. म्हातारी ओसरीवर बसली होती. मला वाटले, ती चिडेल. तिने पाणी आणून दिले आणि विचारले, "त्या दिवशी का लिवत होते जी, साहेब?"

खिशात कविता होतीच. मी ती वाचून दाखवली. का दाखवली, कोण जाणे. कदाचित अपराध कबूल करण्याची ती माझी रीत असेल. तिने डोळे मिटून सगळी ऐकली. मग म्हणाली, "अंडे खोलगट जागी होते. थे नाही लिवलं?"

मला कळेना. तेव्हा तिने सांगितले ते असे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर पावसाचे काही खरे नाही. पाण्यात बुडायचे भय असते तर ती खाली कशाला आली असती? म्हणजे मी ज्या खळग्यापाशी बसून कविता लिहीत होतो, त्याच खळग्यात त्या बाईने आपले सारे वर्ष वाचले होते. आणि वाचूनही, त्या पक्ष्याची अंडी चाकाखाली जाऊ नयेत म्हणून भर उन्हात धावत आली होती.

हा ठोकताळा खरा की खोटा, या वादात मी पडणार नाही. हवामानखाते तो मानणार नाही आणि मीही त्यावर पैज लावणार नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. आम्ही दोघांनी एकच चार अंडी पाहिली. तिने जास्त पाहिले.

शाखेत येऊन मी दुसरा अहवाल लिहिला. पहिला अहवाल शेत न पाहता लिहिला होता, हेही त्यात लिहिले. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. कर्जाचे तीन वर्षांचे हप्ते पडले. कविता मी फाडली. चिठ्ठी मात्र ठेवली.

निसर्गाच्या छोट्या क्षणांवर मराठीत थोडे का लिहिले गेले आहे? १८९० साली धरणगावला जन्मलेले बालकवी ठोमरे १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. उणेपुरे सत्तावीस वर्षांचे आयुष्य, पण श्रावण आला की आजही मराठी घराला त्यांची आठवण होते. त्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी त्यांच्या पश्चात, १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. मला त्या म्हातारीच्या ओसरीवरून आल्यावर बहिणाबाई नव्याने कळल्या. सुगरणीचा खोपा किंवा मातीतला कोंब त्या 'पाहायला' गेल्या नव्हत्या. तो त्यांच्या कामाच्या वाटेवर होता. पळसखेडचे ना. धों. महानोर यांचेही तसेच. १९६७ साली 'रानातल्या कविता' आल्या, त्या रानात राबणाऱ्या माणसाच्या होत्या. शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत रुजवला, त्यातही हीच शिस्त आहे. तीन ओळींत फक्त दिसले ते सांगायचे. स्वतःचा गहिवर मधे आणायचा नाही. मी नेमका तोच आणला होता.

आमच्या भागाला तर याचा वस्तुपाठच लाभला. मारुती चितमपल्ली वनखात्याचे अधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. सरकारी नोकरी करता करता त्यांनी पाखरांची, झाडांची, पाण्याची नावे रानातल्या माणसांकडून विचारून घेतली आणि मराठीच्या झोळीत घातली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. माझ्या मते त्यांचा मोठेपणा पाहण्याइतकाच विचारण्यात होता.

मीही मग विचारू लागलो. झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' आणि 'ण' फारसे नाहीत. डोळ्याला तिथे 'डोरा' म्हणतात. खातेदारांकडून मी धानाची नावे शिकलो, तलावाच्या पोटातल्या कमळकंदाची, शिंगाड्याची, माशांची नावे शिकलो. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचो. ज्याला मी निसर्ग समजत होतो तो तलावही माणसांनी बांधलेला होता, हे तिथेच कळले. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उताराची जागा हेरून मातीच्या पाळी घातल्या. पाणी सोडायला 'तुडूम', जादा पाणी जायला सांडवा. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत असे हजारो तलाव झाले. पुढे मालगुजारी आली म्हणून ते मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि हळूहळू त्यांचा गाळ काढणारे हात कमी झाले. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, हिवाळी बदकांचे खाद्य असलेल्या पाणवनस्पती गेल्या, त्यांच्यामागून मासे आणि पाखरेही ओसरली. अलीकडे काही गावांत ढीवर समाजाच्या बायकांनी गुडघाभर चिखलात उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मला ही बातमी कुठल्याही कवितेइतकी सुंदर वाटते.

चिठ्ठी सापडल्यावर मन स्वस्थ बसू देईना. यंदा जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, लाखनीला जाऊन आलो. ओळखू येऊ नये इतके गाव बदलले आहे. ट्रक आता उड्डाणपुलावरून निघून जातात. शाखेत लेजर नाहीत, व्हाउचरच्या पाठी नाहीत. विचारत विचारत त्या शेताशी पोहोचलो. म्हातारी जाऊन वीसेक वर्षे झाली, मुलगाही गेला. नातू ट्रॅक्टरने नांगरणी करीत होता. मी माझी ओळख सांगितली. त्याला अर्थातच काही ठाऊक नव्हते, पण "बसा जी काका" म्हणून त्याने मला मोहाच्या सावलीत बसवले आणि कामाला लागला.

बसल्या बसल्या लक्षात आले की ट्रॅक्टर एका ठिकाणी दरवेळी वळसा घेतो आहे. साऱ्या नांगरलेल्या काळ्या रानात एका खाटेएवढा तुकडा तसाच कोरडा, पांढुरका राहिला होता. त्याच्यावर एक टिटवी भिरभिरत ओरडत होती.

तो पाणी प्यायला आला तेव्हा मी विचारले, "हे आजीनं शिकवलं का?"

"शिकवायचं का आहे त्याच्यात?" तो हसला. "अंडे आहेत. पंधरा दिवसात पिल्ले निघून जातील. मग नांगरून घेऊ."

मी खिशात हात घातला. आता सवयीने मोबाईल हाती येतो. तो परत ठेवला आणि चष्मा सावरून उठलो. यावेळी लिहिण्याआधी विचारायचे होते.

"अंडी उंचावर आहेत की खोलगटात?"

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. शहरातून आलेल्या माणसाला हे कसे ठाऊक, असे काहीसे त्याच्या चेहऱ्यावर होते. मग तो माझ्यापुढे चालू लागला.

"या जी," तो म्हणाला. "तुमच्याच डोऱ्यानं पाहून घ्या. पण पाय जपून टाका."