पडदा काळा पडतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘लायब्ररी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं उभी राहतात. संगणकाच्या जगात मात्र या शब्दाचा अर्थ जरा निराळा आहे. तिथे लायब्ररी म्हणजे तयार कामांचा साठा. घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजत बसत नाही. भट्टीवरून आणतो आणि रचतो. तसंच प्रोग्राम लिहिणारा माणूस पडद्यावर रेघ कशी ओढायची, त्रिकोण कसा रंगवायचा हे पहिल्यापासून लिहीत बसत नाही. ते काम चित्रांची लायब्ररी करते. तो फक्त हुकूम देतो.

हे काम केवढं असतं? आजच्या साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. खेळ किंवा हलतं चित्र असेल तर असा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचा. एका सेकंदात साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके झाले! आपली पापणी लवते तेवढ्या वेळात हा कारखाना कितीतरी फेऱ्या मारून मोकळा होतो.

या कारखान्याची एक नियमवही आहे. तिचं नाव ओपन-जीएल. अमेरिकेतल्या सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. कोणता हुकूम कसा द्यायचा आणि त्यातून काय घडलं पाहिजे, एवढं तिच्यात सांगितलेलं. प्रत्यक्ष काम करणारी लायब्ररी ज्याने त्याने बनवायची. ऑगस्ट १९९३ मध्ये ब्रायन पॉल नावाच्या प्रोग्रामरने फावल्या वेळात अशी एक लायब्ररी लिहायला घेतली. सुरुवातीला तिला नावसुद्धा नव्हतं. पुढे कंपनीची परवानगी घेऊन १९९५ च्या फेब्रुवारीत त्याने ती सर्वांसाठी खुली केली. तीच ‘मेसा’. आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांची चित्रं मेसाच्या खांद्यावर उभी आहेत. शाळकरी मुलांच्या हाती असणारा, तळहाताएवढा रास्पबेरी पाय हा संगणकही तिच्यावरच चालतो.

आता अडचण कुठे येते ते पाहू. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये चूक झाली, तर बेरीज चुकते किंवा प्रोग्राम तक्रार करून थांबतो. चित्रांच्या प्रोग्राममध्ये पुष्कळदा तसं होत नाही. प्रोग्राम सुरू असतो, कळ दाबली तर प्रतिसाद देतो, आणि पडदा मात्र काळाकुट्ट. ना चित्र, ना तक्रार. नवशिक्याला घाम फुटतो. बाजूचा कुणीतरी म्हणतो, “मशीन जुनं झालंय, नवं घ्या.” ज्याच्या घरी पोटाला चिमटा काढून संगणक आणलेला असतो, त्याला हा सल्ला केवढ्याला पडतो याचा विचार कुणी करत नाही.

ही शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. ओपन-जीएलचा नियमच असा की चुकीचा हुकूम आला तर तो सोडून द्यायचा, चुकीची खूण मनात ठेवायची आणि पुढचं काम करत राहायचं. कुणी विचारलं तरच सांगायचं. सांगायचा तोही एक आकडा. १२८० म्हणजे ओळखीचं नसलेलं नाव दिलं, १२८१ म्हणजे किंमत मर्यादेबाहेरची दिली, १२८२ म्हणजे या घडीला हा हुकूम चालत नाही. बरं, हजार हुकूम देऊन झाल्यावर विचारलं, तर १२८२ हे उत्तर त्या हजारांतल्या कुणाबद्दल आहे? ते तुम्ही शोधायचं. प्रत्येक हुकमानंतर थांबून चौकशी करावी, तर कामाचा वेग मंदावतो. वेगापायी स्वीकारलेली ही शांतता आहे.

दुसरी गोष्ट अशी की, हुकूम दिला त्या क्षणी तो अमलात येतोच असं नाही. हॉटेलात वेटर ऑर्डरी घेत सुटतो आणि भटारखान्यात त्या एकामागून एक बनत राहतात. सातव्या टेबलाची भाजी करपल्याचा वास येतो, तेव्हा वेटर पंधराव्या टेबलापाशी उभा असतो. दोष सातव्या ऑर्डरीत, आरडाओरडा पंधराव्यापाशी! चित्रांच्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच होतं.

अशा वेळी मेसाशी बोलायची एक सोय केलेली आहे. प्रोग्राम सुरू करण्याआधी लायब्ररीच्या नावे एक चिठ्ठी ठेवायची. संगणकाच्या भाषेत हिला ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ म्हणतात. चिठ्ठीवर एक ठरलेलं नाव आणि त्यापुढे एक किंमत, एवढाच मजकूर. लायब्ररी कामाला लागताना चिठ्ठी वाचते आणि त्याप्रमाणे वागते. प्रोग्रामचं एक अक्षरही बदलावं लागत नाही. वैद्याने नाडी पाहावी तसं. अंगावर शस्त्र न चालवता आतली खबर मिळते.

पहिली चिठ्ठी ‘मेसा-डीबग’. ही ठेवली की मुकी लायब्ररी बोलू लागते. नुसता आकडा न देता कोणत्या हुकमात चूक झाली आणि जमल्यास का झाली, हे शब्दांत लिहून दाखवते. वापरणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या मेसात हे बोलणं आपणहून बंद असतं, म्हणून चिठ्ठी लागते. याच चिठ्ठीवर ‘फ्लश’ असा शब्द लिहिता येतो. मग चित्र काढायच्या प्रत्येक हुकमानंतर साचलेलं काम पुढे ढकललं जातं. वेटरने प्रत्येक ऑर्डर घेतली की धावत जाऊन भटारखान्यात द्यावी, तसं. वेळ जास्त लागतो, पण घोटाळा आणि त्याचं कारण यांतलं अंतर कमी होतं. बोलणं फार लांबलं तर ‘मेसा-लॉग-फाइल’ या चिठ्ठीने ते सगळं एका फाइलीत उतरवून घेता येतं.

दुसरी चिठ्ठी ‘लिब-जीएल-ऑलवेज-सॉफ्टवेअर’. माझ्या मते सगळ्यांत शहाणी हीच. घरातला दिवा लागत नाही, तेव्हा आपण काय करतो? तो बल्ब काढून दुसऱ्या खोलीतल्या होल्डरमध्ये लावून बघतो. तिथे लागला तर बल्ब ठीक, दोष होल्डरचा किंवा वायरीचा. ही चिठ्ठी तेच करते. चित्राचं काम ग्राफिक्स कार्डाकडे न देता सगळं मुख्य प्रोसेसरकडून करून घेते. चित्र सावकाश येतं, पण येतं. बरोबर आलं तर संशय कार्डाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे वळतो. तरीही काळंच राहिलं, तर प्रोग्राममध्ये डोकवायला हवं. नवं कार्ड घ्यायच्या आधी ही फुकटची परीक्षा करून पाहायला काय हरकत आहे? मात्र हिचा निकाल म्हणजे पक्का पुरावा नव्हे, दिशा आहे. वाट बदलली की वेळेचं गणितही बदलतं आणि काही चुका तेवढ्यापुरत्या दडी मारतात. पाहायला गेलं की नाहीशा होणाऱ्या अशा चुकांना प्रोग्रामर मंडळी गमतीने ‘हायझेनबग’ म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या नावावरची ही कोटी आहे.

तिसरी चिठ्ठी चक्क खोटं बोलायला लावते. ‘मेसा-जीएल-व्हर्जन-ओव्हरराइड’ असं तिचं नाव. काही प्रोग्राम सुरू होतानाच विचारतात, ओपन-जीएलची आवृत्ती कितवी? उत्तर पसंत पडलं नाही तर चालायलाच नकार देतात. या चिठ्ठीने उत्तरात हवा तो आकडा देता येतो. अडून बसलेला प्रोग्राम कधी कधी चालू लागतो. पण दाखल्यावरचं वय बदललं म्हणून गुडघे तरुण होत नाहीत. अंगी नसलेलं बळ प्रोग्रामने वापरायला घेतलं की तो कोसळतो. तपासापुरतं ठीक, कायमचा इलाज म्हणून नाही.

चौथीचा स्वभाव पहिलीच्या अगदी उलट. ‘मेसा-नो-एरर’ म्हणजे चुका तपासूच नकोस. तपासणीचा वेळ वाचतो, प्रोसेसरचा भार हलका होतो. पण चुकीचा हुकूम आला तर पुढे काय होईल याची हमी कुणी देत नाही. चित्र बिघडेल, प्रोग्राम पडेल, कदाचित काहीच होणार नाही. म्हणून ज्या प्रोग्राममध्ये चुका नाहीत अशी खात्री झालेली आहे, त्याच्यासाठीच ती वापरायची.

वृत्तात लिहिणाऱ्यांना ही गोष्ट चटकन कळेल. नवशिका कवी ओळीच्या डोक्यावर लघू-गुरूच्या खुणा करतो, गण पाडतो, मात्रा मोजतो. कुठे अडखळलं ते खुणांवरून कळतं. कविता छापायला जाते तेव्हा त्या खुणा जात नाहीत. वाचकाला त्यांची गरज नसते. कान तयार झालेला कवी पुढे मोजणं सोडूनही देतो. पण मोजायला शिकण्याआधीच ज्याने मोजणं सोडलं, त्याची ओळ लंगडते आणि ती का लंगडते हे त्याला सांगताही येत नाही.

चित्रांच्या जगात हा प्रश्न पुढे आणखी ठळक झाला. ओपन-जीएलची देखभाल आता ख्रोनोस नावाचा उद्योगसमूहांचा गट पाहतो. त्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ ही नवी नियमवही आणली. तिने सांगितलं की, नेहमीच्या कामात चुकांची तपासणी जवळजवळ करायचीच नाही. जबाबदारी हुकूम देणाऱ्याची. मग शिकणाऱ्याने काय करायचं? त्यासाठी तपासणीचा एक वेगळा थर दिला आहे. प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये तो बसतो, जाणारा हुकूम वाचतो आणि चूक दिसली की ती सविस्तर सांगतो. तोही चिठ्ठी ठेवून बसवता येतो. प्रोग्राम घडवताना थर ठेवायचा, लोकांच्या हाती देताना काढायचा. वेगही मिळाला आणि तपासणीही झाली. पण घाईघाईत कुणी हा थर कधी बसवलाच नाही, तर त्याच्या चुका थेट लोकांच्या पडद्यावर पोहोचतात.

प्रोग्राम न लिहिणाऱ्यांनी यातून काय घ्यावं? आपल्या घरातली, शेजारची मुलं आज हे शिकत आहेत. पडदा काळा पडला म्हणून एखादा मुलगा किंवा मुलगी हिरमुसून बसली, तर ‘तुला जमत नाही’ किंवा ‘मशीन जुनं आहे’ असा निकाल लगेच देऊ नका. आधी विचारा, बोलायची चिठ्ठी ठेवलीस का? कार्ड बाजूला ठेवून पाहिलंस का? एका वेळी एकच गोष्ट बदललीस ना? दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला ते कळत नाही. हे जुने वैद्यही सांगत.

आणि दोष खरोखर मेसातच निघाला, तर तो कळवता येतो. तिचा सगळा मजकूर खुला आहे. मेसाची आवृत्ती कोणती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, कोणत्या चिठ्ठीने काय फरक पडला आणि फाइलीत उतरलेलं बोलणं, एवढं नीट लिहिलं की दुरुस्त करणाऱ्याचं अर्धं काम होतं. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहिलं, तर त्याच्याही हाती काळा पडदाच येतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. या चिठ्ठ्यांची नावं रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ देऊन जशीच्या तशी लिहावी लागतात. एक अक्षर चुकलं तर लायब्ररी चिठ्ठीकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि पाहिलं नाही असंही सांगत नाही! काम झालं की चिठ्ठी उचलून टाकायची. विसरून राहिलेली चिठ्ठी पुढच्या प्रत्येक प्रोग्रामच्या कानात तेच सांगत बसते. मग एखाद्या दिवशी सगळीच चित्रं रेंगाळू लागतात, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या मशीनवर येतो.