दारावरील झरोका

आमच्या जुन्या बिऱ्हाडांत प्रत्येक दाराच्या माथ्यावर एक आडवी कांचेची झडप आहे. दोरी ओढली कीं ती उघडते. तिला आम्ही व्हेंटिलेटर म्हणतों. तीन वर्षांपूर्वीं घरांत वातानुकूलन यंत्र आलें, तेव्हां थंडावा बाहेर जाऊं नये म्हणून मींच तिच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. पुढें रोज सकाळीं डोकें जड होऊं लागलें. जन्मभर मुलांना श्वसनक्रिया शिकविणाऱ्या मास्तरास याचें कारण उमगावयास दोन महिने लागले, हें कबूल करितों.

भिंतीवरील नेहमींचें यंत्र खोलींतलीच हवा पुनःपुन्हां थंड करितें. बाहेरची हवा आंत आणीत नाहीं. बाहेरच्या हवेंत कार्बन डायऑक्साइड वायु दहा लाखांत सुमारें ४२० भाग असतो. आपल्या उच्छ्वासांत शेंकडा चार. निजलेलीं दोन माणसें तासाला सुमारें २५ लिटर हा वायु सोडतात. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलींत सुमारें २८,००० लिटर हवा मावते. फट मुळींच नसेल, तर तासाभरांत दहा लाखांत जवळजवळ ९०० भागांची भर पडते. म्युनिकच्या पेटेनकोफर या शास्त्रज्ञानें १८५८ सालीं राहत्या खोलीची मर्यादा हजारांत एक भाग अशी ठरविली होती. ती पहिल्या झोपेंतच ओलांडली जाते. एवढ्या प्रमाणांत हा वायु विषारी नव्हे. पण तो सांचला म्हणजे वाफ, ओल व कुबट वासही सांचले असें समजावें.

कौलारू घरास ही चिंता नव्हती. कौलांच्या सांध्यांतून हवा आपोआप खेळे. आजच्या रबरी पट्टीच्या खिडक्या मात्र घट्ट मिटतात. थंड देशांना ही अडचण आधींच आली. इंग्लंडांत खिडकीच्या वरच्या चौकटींतच झांकणाची अरुंद फट ठेवितात. जेथें यांत्रिक वायुवीजन नाहीं, तेथें नवी खिडकी बसवितांना राहत्या खोलीस ८,००० चौरस मिलिमीटर वाट असावी, असें २०२२ सालापासूनचें तेथील मार्गदर्शन आहे. म्हणजे आठ सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर, पोस्टकार्डाहूनहि लहान! सकाळीं खिडक्या सताड उघडून हवा पालटणें निराळें, आणि रात्रभर ती थोडीथोडी चालूं राहणें निराळें.

हवेस येण्याची व जाण्याची, अशा दोन वाटा लागतात. एक माथ्यावर, दुसरी दाराखालीं अर्ध्या इंचाची. वरच्या वाटेला जाळी लावावी व ती महिन्याला धुवावी. धुळीनें बुजलेली जाळी आणि माझे बोळे यांत फरक नाहीं. विजेचें बिल थोडें वाढेल, तें वाढूं द्यावें.

स्नानगृहांतील गॅस गीझरची गोष्ट मात्र वेगळी, आणि जिवावरची आहे. ज्वलनास हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो. भोंवळ येते तेव्हां दाराची कडी आंतून लावलेली असते. येथें झरोक्यावर भिस्त ठेवूं नये. गीझरच बाहेर मोकळ्या हवेंत न्यावा. आमचा उघड्या गॅलरींत हलविला आहे. स्नानगृहांत आतां केवळ ऊन पाण्याचा नळ येतो.