खोडदची दुर्बीण

19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अवकाश संस्थेचं ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओ संदेश मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी टिपायचा आणि पृथ्वीकडे पाठवायचा, अशी मूळ व्यवस्था. पण तोच संदेश पृथ्वीवर थेटही ऐकला जात होता, आणि तो आपल्या जुन्नर तालुक्यात. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर कापून पावणेदहा मिनिटांनी पोचणाऱ्या त्या लहरींची वारंवारता जशी बदले, तसं इथल्या शास्त्रज्ञांना कळत होतं : यानाचा वेग उतरला, पॅराशूट उघडलं. मग जमिनीला टेकायच्या थोडं आधी संदेश तुटला. यान मंगळावर आदळलं होतं.

हे ऐकणारी दुर्बीण अशा कामासाठी बांधलेलीच नव्हती. तिचं खरं काम याहून कितीतरी दूरचं आहे.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने साधारण 80 किलोमीटरवर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव लागतं. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, ते हे गाव. टोमॅटोचा मोठा बाजार, द्राक्षाच्या बागा, उसात बिबट्या. इथून आत खोडदकडे वळलं की शेतांच्या वर पोलादी जाळीच्या अवाढव्य थाळ्या दिसू लागतात. एकेका थाळीचा व्यास 45 मीटर, आणि अशा 30. चौदा थाळ्या खोडदजवळ एक-दीड किलोमीटरच्या आवारात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, आसपासच्या गावांच्या शिवारात विखुरलेल्या. दोन टोकांच्या थाळ्यांमध्ये पंचवीस किलोमीटरचं अंतर पडतं. सगळ्यांच्या तोंडांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर पावणेबारा एकर भरेल. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, अर्थात एनसीआरए, ती चालवतं.

माणसाने हजारो वर्षं आकाश फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात पाहिलं. गॅलिलिओची दुर्बीणही त्याच प्रकाशाची. आकाशातून रेडिओ लहरी येतात हे कळायला 1930 चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत कार्ल जान्स्की हा अभियंता रेडिओ-दूरध्वनीतली खरखर कुठून येते ते शोधत होता, आणि तिचा एक भाग आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येतो असं त्याला आढळलं. तिथून विश्वाचा एक नवाच दरवाजा उघडला. धुळीच्या ढगांआड प्रकाश अडतो, रेडिओ लहर पार होते. विश्वात सर्वाधिक असलेला हायड्रोजन थंड असताना डोळ्यांना दिसत नाही. पण त्याचा अणू 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ही लहर प्रवासात ताणली जाते. जितकी जुनी, तितकी लांब. त्यामुळे अब्जावधी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन शोधायचा तर तो लांब, मीटरभराच्या आसपासच्या लहरींमध्येच शोधावा लागतो.

खोडदची दुर्बीण आखली गेली त्या काळात नेमक्या याच लहरींकडे पाश्चात्त्य देशांनी पाठ फिरवली होती. त्यांच्या मोठ्या दुर्बिणी छोट्या लहरींकडे वळल्या होत्या. ती मोकळी जागा ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हेरली.

स्वरूप यांच्याविषयी थांबून लिहायला हवं, कारण खोडदची दुर्बीण समजायची तर त्यांची रीत समजली पाहिजे. जन्म 1929 चा, उत्तर प्रदेशातला, शिक्षण अलाहाबादला. मग ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्राचे धडे, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डची डॉक्टरेट. 1961 मध्ये त्यांनी आणि परदेशातल्या तीन भारतीय सहकाऱ्यांनी देशात परतून रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याचा प्रस्ताव मांडला. होमी भाभांनी तो उचलून धरला. 1963 मध्ये स्वरूप मुंबईला टाटा संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियात सूर्याच्या निरीक्षणातून निवृत्त झालेल्या सहा फुटी बत्तीस थाळ्या भारताला भेट मिळाल्या होत्या. त्या त्यांनी कल्याणजवळ मांडल्या. आपल्या देशातली ही पहिली रेडिओ दुर्बीण. लोकल गाडीच्या त्या कल्याणचं नाव खगोलशास्त्राच्या इतिहासात असं लागलेलं आहे, हे आपल्या शाळांत सांगितलं जायला हवं.

नंतर उटी. आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहील अशी मोठी दुर्बीण सपाट जमिनीवर उभारणं महाग पडतं, म्हणून स्वरूप यांनी डोंगरच शोधला. उटी साधारण अकरा अक्षांशावर आहे. तितक्याच उताराची, उत्तर-दक्षिण पसरलेली टेकडी त्यांच्या गटाने हुडकून काढली आणि तिच्यावर 530 मीटर लांब, 30 मीटर रुंद दुर्बीण आडवी टाकली. टेकडीच्या उतारामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. एकाच आसाभोवती फिरवून एखादा रेडिओ स्रोत तासन्‌तास धरून ठेवता येऊ लागला. 1970 साली ती सुरू झाली आणि आजही चालते.

पैसा कमी असताना भूगोलाला कामाला लावायचं, ही रीत खोडदलाही दिसते. मीटर लहरींसाठी लागणारे रिसीव्हर देशात बनवता येत होते. दळणवळणाचा गोंगाट भारतात तेव्हा पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी होता. खोडदच्या परिसरात वारा बेताचा, भोवती डोंगरांचा आडोसा, आणि 19 अक्षांशावरून दक्षिणेचंही बरंच आकाश दिसतं.

राहिला प्रश्न थाळीचा. 45 मीटर व्यासाची भरीव थाळी बांधली असती तर तिचं वजन आणि तिच्यावर येणारा वाऱ्याचा दाब पेलण्यातच सगळा पैसा गेला असता. पण लांब लहरीला भरीव पत्रा लागतच नाही. लहरीपेक्षा भोक खूप लहान असेल, तर तिच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग भिंतच. म्हणून इथे अर्धा मिलिमीटरहून जेमतेम जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी वापरली. मध्यभागी तिची वीण एक सेंटिमीटरची, कडेला दोन सेंटिमीटरची. ही जाळी पोलादी चौकटींमध्ये ताणलेल्या तारदोरांवर बसवली आहे. बाज विणतात तसाच हा ताणाचा खेळ. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून खालचा सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी, म्हणून एकाऐवजी तीस थाळ्या. माझ्या मते जीएमआरटीची सगळ्यात सुंदर गोष्ट ही जाळी आहे. तिच्यात विज्ञानाची समज आणि काटकसर एकाच जागी दिसतात.

प्रत्येक थाळी जमा केलेल्या लहरी ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत पाठवते. तिथे प्रत्येक थाळीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक थाळीच्या संदेशाशी जोडून पाहिला जातो. तीस थाळ्यांच्या अशा 435 जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी या जोड्यांची दिशा आकाशाच्या संदर्भात बदलत जाते आणि काही तासांच्या निरीक्षणानंतर जणू पंचवीस किलोमीटर रुंद दुर्बिणीने घेतल्यासारखं बारकाव्याचं चित्र संगणकावर तयार होतं.

1990 च्या दशकात उभी राहिलेली ही दुर्बीण गेली वीसहून अधिक वर्षं जगभरच्या संशोधकांना वापरायला खुली आहे. कोणी कुठल्या देशाचा ते न पाहता प्रस्तावाच्या गुणवत्तेवर वेळ दिला जातो. मागच्या दशकात तिचे रिसीव्हर आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलून पूर्वीच्या 32 मेगाहर्ट्‌झऐवजी 400 मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा एका दमात ऐकण्याची सोय झाली. थाळ्या त्याच, ऐकू येणं कैक पटींनी वाढलं.

त्याचं फळ 2020 मध्ये दिसलं. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन इतका मंद की एकेकटी दीर्घिका टिपणं अशक्य. एनसीआरएच्या संशोधकांनी 7,653 दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, आणि त्या बेरजेतून हायड्रोजनची खूण वर आली. ‘नेचर’मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. त्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन भरपूर होता; पण ताऱ्यांची निर्मिती इतक्या वेगाने चालली होती की तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. विश्वात तारे जन्मण्याचा वेग पुढे का घसरला, या जुन्या कोड्याचा एक मोठा तुकडा खोडदला सापडला.

2023 च्या जूनमध्ये आणखी एक बातमी आली. अनेक देशांतल्या गटांनी पल्सार नावाच्या, घड्याळासारख्या नियमित स्पंदणाऱ्या मृत ताऱ्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला होता. त्यांच्या ठोक्यांत पडणाऱ्या अतिसूक्ष्म फरकांवरून अवकाशात सतत घुमणाऱ्या, फार लांब गुरुत्वीय लहरींचे पुरावे मिळाले. पण ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळेही हे ठोके उशिरा पोचतात, आणि हा उशीर लांब लहरींमध्ये सर्वांत ठळक दिसतो. तो मोजून वजा करायला जीएमआरटीची निरीक्षणं कामी आली. युरोपीय गटाबरोबर भारतीय गटाचं नाव त्या निष्कर्षावर आहे.

हे पाहायला गोविंद स्वरूप मात्र नव्हते. 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं होतं.

आता काळजीची गोष्ट. जी शांतता पाहून ही जागा निवडली, ती तीस वर्षांत विरळ होत गेली आहे. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, गाड्यांची इंजिनं, सगळ्यांतून रेडिओ गोंगाट निघतो. आणि आकाशातून येणारी लहर त्याच्यापुढे नगण्य क्षीण असते. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीत हा प्रश्न पेटला. विद्युत रेल्वे दुर्बिणीच्या इतक्या जवळून गेली तर निरीक्षणं बिघडतील, अशी हरकत शास्त्रज्ञांनी घेतली. दुसरीकडे नारायणगाव परिसराला रेल्वे हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. इथला शेतमाल बाहेर जायचा असतो. ती मागणी करणाऱ्या लोकांना विज्ञानाचे शत्रू ठरवणं अन्यायाचं होईल. मात्र गाडीला दुसरी वाट काढता येते, पंचवीस किलोमीटरवर पसरलेल्या तीस थाळ्या उचलून नेता येत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मार्ग वळवावा, आणि त्यात या तालुक्याचं जे नुकसान होईल ते सरकारने दुसऱ्या सोयींनी भरून द्यावं. देशाच्या ज्ञानाची किंमत एकट्या जुन्नरने मोजू नये.

दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला लोकांसाठी दारं उघडी असतात. गावोगावच्या शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात, शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून प्रश्नांची उत्तरं देतात. मुलांना घेऊन एकदा अवश्य जा, आणि दुर्बिणीच्या जवळ मोबाइल बंद ठेवा.