गाठ दुखत नाही, म्हणून बाई थांबते

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. वेळेत सापडला तर तो बरा होण्याची शक्यता मोठी असते. तरीही आपल्या वस्त्यांतील अनेक भगिनी आजार वाढल्यावरच दवाखान्यात पोहोचतात. 'बायका अडाणी, दुर्लक्ष करतात' एवढे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

लक्षण जाणवल्यावर डॉक्टरकडे जायला तीन महिन्यांहून जास्त काळ गेला, तर अभ्यासक सहसा त्याला रुग्णाच्या बाजूचा उशीर म्हणतात. त्याचे पहिले कारण आजारातच आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. हातावर पोट असलेली बाई दुखणेही अंगावर काढते. न दुखणाऱ्या गाठीसाठी ती रोज कसा बुडवेल? त्यात लाज असते. घरात सांगायचे कसे, पुरुष डॉक्टरला दाखवायचे कसे? पैसा आणि निर्णय तिच्या हातात नसतो. स्तन काढावा लागेल, नवरा टाकून देईल, ही भीतीही असते.

दुसरा उशीर व्यवस्थेचा. जवळचा डॉक्टर 'दुधाची गाठ आहे' म्हणून गोळ्या देतो. मॅमोग्राफी आणि बायोप्सीसाठी शहर गाठावे लागते, रिपोर्टसाठी पुन्हा हेलपाटे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरातील एकीचीही स्तन तपासणी कधी झालेली नव्हती.

हे बदलता येते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने तपासणी केली. मशीन नव्हते. वीस वर्षांनी दिसले, की या स्त्रियांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

३० वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारही येतात. मग कार्यकर्त्यांनी काय करावे? आशाताईंना विहारातील महिलांच्या बैठकीला बोलवा. स्तनात किंवा काखेत गाठ, बोंडातून रक्त, बोंड आत ओढले जाणे, कातडीला खळी पडणे ही लक्षणे नावानिशी सांगा. पुरुषांच्या बैठकीतही सांगा, कारण दवाखान्याचे पैसे बहुतेकदा तिथून सुटतात. आणि तपासणीला निघालेल्या बाईसोबत एकजण जा. रिपोर्ट हातात येईपर्यंत तिची सोबत सोडू नका.