मत्स्यपेटीतील हिरवे पाणी

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे नगर. येथील उन्हाळा कडक असतो. वैशाखात पारा ४४ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो. अशा या नगरातील एखाद्या शाळेत खिडकीपाशी काचेची मत्स्यपेटी ठेवली आहे, तिच्या तळाशी वाळूत हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती रुजविल्या आहेत आणि त्यांमधून चार मासे फिरत आहेत, अशी कल्पना करू. थंडीच्या दिवसांत पाणी इतके नितळ असते की पलीकडच्या फळ्यावरील अक्षरेही वाचता यावीत. मार्च महिन्यात ते किंचित पोपटी दिसू लागते आणि पंधरवड्यात असे हिरवे होते की मासे काचेला चिकटून पोहत असतील तेवढेच दृष्टीस पडतात. विद्यार्थी मोठ्या उत्साहाने जवळजवळ सर्व पाणी बदलतात. परंतु चौथ्या-पाचव्या दिवशी पाहावे तो पाणी पुन्हा हिरवेच! असे का व्हावे?

हा हिरवेपणा म्हणजे मळ नव्हे

याचे उत्तर शोधण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. पेटीतील पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ते रात्रभर स्थिर ठेवावे. पाण्यात माती असेल तर ती तळाशी बसते व वरचे पाणी निवळते. हिरवे पाणी मात्र बहुधा सकाळीही हिरवेच राहते. त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास असंख्य हिरवे कण दिसतात. ते एकपेशीय शैवाल होय. त्यातील क्लोरेला या जातीची पेशी साधारणतः २ ते १० मायक्रॉन व्यासाची असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे गाळणीच्या साध्या स्पंजातून हे शैवाल सहज का निसटते ते कळेल. काचेवरचे शेवाळ खरवडता येते, दोऱ्यांसारखे शेवाळ काडीला गुंडाळून काढता येते. पण पाण्यात तरंगणाऱ्या या पेशींना पकडावे कसे? काच चाटणाऱ्या माशांचाही येथे उपयोग होत नाही.

आता थोडा हिशेब करू. अनुकूल परिस्थितीत अशी पेशी दिवसातून एकदा विभागून तिच्या दोन होतात असे धरले, तर वीस दिवसांत एका पेशीपासून दहा लाखांहून अधिक पेशी निर्माण होतील. पेटीतील नऊ दशांश पाणी बदलले तरी एक दशांश शैवाल मागे राहते. एका दिवसाने ते दोन दशांश होते, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ, आणि चौथ्या दिवशी पूर्वीपेक्षाही अधिक! विद्यार्थ्यांचे श्रम का वाया गेले, ते यावरून स्पष्ट होते. त्यांनी शैवाल काढले, परंतु शैवाल ज्यामुळे वाढते ते कारण तसेच राहू दिले.

अन्न आणि ऊन

ही कारणे मुख्यतः दोन आहेत : प्रकाश व अन्न. खिडकीतून येणारे ऊन शैवालातील हरितद्रव्याला शक्ती पुरविते. माशांना टाकलेले जादा खाद्य कुजून, तसेच माशांच्या उत्सर्गातून, नत्र व स्फुरद पाण्यात मिसळतात. शेतातील पिकाला जी खते लागतात, तीच या सूक्ष्म पिकालाही लागतात.

अन्नाचे हे महत्त्व १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एका प्रयोगाने ठळकपणे दिसून आले. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने तेथील २२६ क्रमांकाच्या तलावात आडवा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र टाकण्यात आले. एका भागात मात्र त्यांच्या जोडीला स्फुरदही टाकले. स्फुरद मिळालेला भाग शैवालाने हिरवागार झाला, दुसऱ्या भागात तसे घडले नाही. तलावाला जो नियम लागू, तोच मत्स्यपेटीलाही लागू आहे.

तळ्यातील संपत्ती, पेटीतील संकट

छत्तीसगडच्या गावोगावी तळी आहेत व त्यांत रोहू, कटला, मृगळ हे मासे पाळले जातात. तेथे मत्स्यपालक शेण व सुपर फॉस्फेट घालून पाणी मुद्दाम हिरवट करतात, कारण हे सूक्ष्म शैवाल व त्यावर जगणारे जलजीव हेच माशांचे अन्न होय. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडविला असता तळवा दिसेनासा झाला, म्हणजे पाणी पुरेसे हिरवे झाले, असा त्यांचा अंदाज असतो. मग तीच गोष्ट पेटीत धोक्याची का ठरावी?

दिवसा प्रकाशात शैवाल प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र मासे, वनस्पती व शैवाल हे सर्वच तो वापरतात. त्यातच पाणी तापले म्हणजे त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅमवर येतो. म्हणून हिरव्या पाण्यातील मासे उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. तळ्यातही हे संकट येते. पेटीत पाणीच थोडे, त्यामुळे ते लवकर ओढवते.

घाईचे उपाय व त्यांचे परिणाम

१९०४ साली अमेरिकेतील मूर व केलरमन यांनी जलाशयांतील शैवालावर मोरचुदाचा उपाय सुचविला. मोरचुदाने शैवाल मरते हे खरे. परंतु त्यातील तांबे गोगलगायींना व माशांनाही विषारी असते. शिवाय एकाएकी मेलेले शैवाल कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवून टाकते. अशा वेळी पाणी निवळते, पण मासे हाती लागतात ते मेलेले. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण खाली बसलेले शैवाल कुजून त्याचे खत पुन्हा पाण्यातच उतरते. सर्व वाळू व स्पंज नळाखाली धुणे हेही अहितकारक आहे. माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपयुक्त जीवाणू तेथेच वसतात, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ते नष्ट होतात.

योग्य क्रम

प्रथम पेटी खिडकीपासून दूर न्यावी. त्यासाठी आधी बरेच पाणी काढून घ्यावे. भरलेली पेटी कधीही उचलू नये. दिव्याचा प्रकाश दिवसाकाठी सहा ते आठ तासच द्यावा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढेच खाद्य घालावे व उरलेले काढून टाकावे. नंतर निम्मे पाणी बदलून पेटी तीन-चार दिवस जाड काळ्या कापडाने पूर्ण झाकावी. या काळात हवेचा पंप अखंड चालू ठेवावा आणि खाद्य देऊ नये. निरोगी मोठे मासे एवढा उपवास सहज सोसतात. अंधारात शैवालाची वाढ थांबते व पुष्कळसे मरते. मोठ्या वनस्पती मात्र साठविलेल्या अन्नावर तग धरतात. कापड काढल्यावर मृत पेशींसह पुन्हा निम्मे पाणी काढून टाकावे. अतिनील किरणांच्या दिव्याजवळून पंपाने पाणी फिरविण्याचे साधनही परिणामकारक असते. त्याचा दिवा उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

नवे पाणी घालताना उन्हाळ्यात विशेष काळजी घेणे प्राप्त आहे. दुपारी गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी कढत असते. ते बादलीत काढून एक दिवस सावलीत उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीनही बहुतांशी निघून जातो. पाण्यात क्लोरामीन असल्यास मात्र ते नाहीसे करणारे द्रावण वापरावे लागते. यापुढे दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हायड्रिलासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींची संख्या वाढवावी. वनस्पती नत्र व स्फुरद शोषून घेतात आणि शैवालाच्या वाट्याला थोडेच उरते. वाढलेले शेंडे छाटून पेटीबाहेर काढले की ते खतही त्यांच्याबरोबर बाहेर जाते.

हा समतोल नवा नाही. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सोनमासे व व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कुजलेली पाने व शेवाळ यांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने पाणगोगलगायी सोडल्या व त्यांनी ती घाण फस्त केली. त्याने घाण मारली नाही, तिला गिऱ्हाईक मिळवून दिले.

वर्गात करून पाहावे

काचेच्या तीन सारख्या बाटल्यांत पेटीतील हिरवे पाणी भरावे. एक बाटली उजेडात ठेवावी, दुसरी तिच्याजवळच पण काळ्या कागदात गुंडाळून ठेवावी, आणि तिसरी हायड्रिलाच्या भरपूर फांद्या घालून उजेडात ठेवावी. तिन्ही बाटल्यांवर प्रखर ऊन येऊ देऊ नये. रोज एकाच वेळी बाटल्यांमागे छापील कागद धरून अक्षरे कितपत वाचता येतात याची नोंद करावी. दहा दिवसांची ही वही पुरी झाली म्हणजे पेटीतील पाणी का हिरवे झाले आणि काय केले असता ते निवळेल, हे विद्यार्थ्यांना कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.