पावणेचार मीटरचा रस्ता

खेड्यातला एकपदरी डांबरी रस्ता पावणेचार मीटर रुंद असतो. ग्रामसडक योजनेतले बहुतेक रस्ते याच मापाचे. मालवाहू गाडीची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते. आता वजाबाकी करून पाहा. उरतो १.१५ मीटर, म्हणजे जेमतेम पावणेचार फूट. ट्रक मधोमध चालला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूटसुद्धा जागा राहत नाही. सायकलवाला, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, शाळेतून घरी निघालेली पोरं, या सगळ्यांना मग साईडपट्टी. साईडपट्टीवर दगड, बाभळीचे काटे आणि पावसाळ्यात चिखल. थोडा रुंद रस्ता साडेपाच मीटरचा. त्यावर समोरासमोर दोन ट्रक आले तर दोघांची रुंदी ५.२ मीटर. मध्ये आणि कडेला मिळून शाळेतल्या एका पट्टीएवढी जागा!

कवी माणसाला ही मापं कशाला हवीत, असं कुणी म्हणेल. पण मी मिरजेच्या बाजूचा. आमच्या मोहल्ल्यात दर तिसऱ्या घरात एक ड्रायव्हर, एक मिस्त्री किंवा एक क्लीनर सापडेल. लहानपणी मी अक्षरं जितकी पाठ्यपुस्तकात वाचली तितकीच ट्रकच्या मागच्या फळीवर वाचली. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं त्यावर बंदी घातली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. फळीवरचं वाक्य पुसायला सांगणं सोपं असतं. फळीच्या आत किती माल भरला आहे, हा प्रश्न अवघड असतो.

आमच्याकडे हा प्रश्न दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला दारात येऊन उभा राहतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की मार्चपर्यंत सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातले रस्ते उसाचे होतात. एक ट्रॅक्टर, त्यामागं दोन ट्रॉल्या, त्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन. म्हणजे ओढणारा एक आणि ओढलं जाणारं त्याच्या सात-आठ पट. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचललेली आमच्या भागातल्या प्रत्येकानं पाहिली आहेत. उतारावर उलटं होतं. कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबतो, पण मागचे वीस टन थांबायला तयार नसतात. ते ट्रॅक्टरला ढकलतात, जोड वाकडा होतो आणि सगळी माळ रस्त्यावर आडवी पडते.

इतका ऊस भरतात कशाला? कारण सरळ आहे. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, खेपेवर नाही. कारखान्याच्या दारात बारा-बारा तास रांगेत उभं राहायचं असेल तर एका खेपेत जमेल तितकं नेलेलं बरं. ट्रॅक्टरवाल्यानं कर्ज काढलेलं असतं, तोडणीच्या टोळीला उचल दिलेली असते. त्याला एकट्याला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझा एक शिक्षक मित्र जानेवारीच्या रात्री लग्नाहून मोटारसायकलवर परत येत होता. चाक निखळल्यामुळं रस्त्यात उभ्या राहिलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो मागून गेला. दवाखान्यापर्यंत पोचला नाही. तो दारू पीत नव्हता, वेगानं चालवणाऱ्यांतला नव्हता. चाळिसाव्याच्या आसपास त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी मला विचारलं, “भाऊजी, एवढी मोठी ट्रॉली. ह्यांना दिसली कशी नाही हो?”

तेव्हा मी त्यांना काही उत्तर दिलं नाही. ती वेळ नव्हती. पण उत्तर आहे, आणि ते प्रत्येक दुचाकीस्वारानं समजून घ्यावं असं आहे. मोटारसायकलचा दिवा डिपरवर असला तर समोरचं तीस-चाळीस मीटरपर्यंतच नीट दिसतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. काहीतरी दिसलं, ते काय आहे हे डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढं गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी २०-२५ मीटर लागतात. बेरीज ४५ ते ५० मीटर. दिसतं चाळीसवर आणि थांबता येतं पन्नासवर. मधले दहा मीटर माणसाच्या हातात नसतातच. त्यात ट्रॉलीच्या मागं उसाचे शेंडे फूट-दोन फूट बाहेर आलेले. दिवा असला तर तो त्यांच्यामागं झाकलेला, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. वाळल्या पाल्याचा रंग रात्री रस्त्याच्या रंगातच मिसळतो. वस्तू मोठी आहे म्हणून ती अंधारात दिसते असं नाही. तिच्यावरून उजेड परत आला तर ती दिसते.

दुसरी गोष्ट ट्रॉलीच्या उंचीची. मोठ्या वाहनाचा सांगाडा जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असतो. मागून येणारी छोटी मोटार खाली घुसते. तिचा बंपर, तिचं बॉनेट, धक्का शोषायला केलेली सगळी व्यवस्था सांगाड्याखालून निघून जाते आणि धडक बसते ती काचेला, म्हणजे माणसाच्या डोक्याला. म्हणून ट्रकला मागं खाली एक मजबूत आडवा दांडा लावायचा नियम आहे. तो कित्येक गाड्यांना नुसता नावाला असतो, आणि उसाच्या ट्रॉलीला तर मी क्वचितच पाहिला आहे.

आता घाटातली गोष्ट. पुण्याच्या नवले पुलाचं नाव सगळ्यांनी ऐकलं आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की महामार्ग लांबलचक उतारानं खाली येतो आणि थेट शहराच्या गर्दीत शिरतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी इथं एका अवजड वाहनानं ४८ गाड्यांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात एक कंटेनर वाहनांवर गेला, आग लागली आणि किमान आठ माणसं गेली. अशा वेळी ‘ब्रेक फेल झाला’ असं आपण म्हणतो. ब्रेक बहुधा एकाएकी फेल होत नाही, तो हळूहळू तापत जातो. डिझेल वाचवण्यासाठी ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतो, कधी इंजिनच बंद करतो. २०२२ च्या अपघातातही इंजिन बंद ठेवल्याचं तपासात पुढं आलं होतं. गाडी खालच्या गिअरमध्ये असली तर इंजिनच तिला मागं ओढून धरतं. ते बंद केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर इतकं तापतं की पकड सुटते. शिवाय ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. चार वेळा पाय दाबला की संपली. त्यात परवान्यापेक्षा पाच टन माल जास्त असेल तर लायनरवर तेवढीच जास्त उष्णता. वाहनांच्या मालासह एकूण वजनाची अधिकृत मर्यादाही २०१८ साली वाढवण्यात आली. तीन आसांच्या ट्रकची २५ टनांवरून २८.५ टन झाली. रस्ते मात्र तेच राहिले.

रस्त्याचं गणितही सांगून टाकतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहण्यात आले. निष्कर्ष असा निघाला, की आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणजे भरलेला ट्रक जो खड्डा पाडून जातो, त्यात पडतो स्कूटरवाला.

माझा भाचा ट्रक चालवतो. एकदा चौकात एका सायकलवाल्यावरून वाद झाला तेव्हा मी त्याला जरा बोललो, की बाबा, आरशात बघून वळत जा. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मोकळी होती. म्हणाला, “मामू, वर बसा तुम्ही.” मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः खाली उतरून गाडीभोवती फिरू लागला. मधूनच ओरडायचा, “आता मी कुठं आहे, सांगा.” पुढच्या बंपरला चिकटून उभा राहिला, दिसला नाही. डाव्या दाराखाली उभा राहिला, दिसला नाही. मागं तर प्रश्नच नव्हता. साडेपाच फुटी धडधाकट माणूस हाताच्या अंतरावर गडप होत होता. डाव्या वळणावर दुचाकीवाले हमखास त्याच जागी, ट्रकच्या डाव्या कुशीत थांबलेले असतात. ट्रक वळताना त्याचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतल्या बाजूनं कापत जातं. म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

लंडन शहरानं यावर वेगळा उपाय केला. केबिनमधून ड्रायव्हरला प्रत्यक्ष डोळ्यांनी किती दिसतं, यावर तिथं बारा टनांवरच्या ट्रकला तारे दिले जातात. मार्च २०२१ पासून या ताऱ्यांवर शहरातला प्रवेश ठरू लागला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अट आणखी कडक झाली. तारे कमी असतील तर कॅमेरे, सेन्सर आणि सूचना देणारी यंत्रणा बसवावीच लागते.

ट्रक निदान कामाला तरी निघालेला असतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहरांत ज्या अवाढव्य मोटारी आल्या, त्यांचं काय? २०२३-२४ मध्ये आपल्या देशात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींत एसयूव्ही आणि तशाच उपयुक्त वाहनांचा वाटा सुमारे ६० टक्के होता. आपल्या पिढीची मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास होती आणि रुंदीला दीड मीटरही नव्हती. आजची मोठी एसयूव्ही दोन टनांची आणि १.८५ मीटर रुंद. पेठेतली गल्ली मात्र पेशव्यांच्या वेळची.

लोक म्हणतात, मोठी गाडी सुरक्षित. हे खरं आहे, पण कुणासाठी? समजा, दोन टनांची गाडी आणि स्वारासह दोनशे किलोची मोटारसायकल, दोन्ही ताशी ५० च्या वेगानं समोरासमोर आल्या. धडकेनंतर गाडीचा वेग ५० चा ४१ होतो. आतल्याला धक्का बसतो तो ताशी ९ चा. मोटारसायकलवाला ५० नं पुढं जात होता, तो ४१ नं मागं रेटला जातो. फरक ९१ चा. वजन दहापट, म्हणून धक्काही दहापट, फक्त दुसऱ्याला. मिशेल व्हाईट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली तिथल्या अपघातांचा हिशेब मांडला. मोठ्या गाडीमुळं तिच्यातल्या माणसांचा एक प्राणघातक अपघात टळतो, तेव्हा इतरांच्या वाट्याला असे किमान ४.३ अपघात येतात, असं त्यांना आढळलं.

वजनापेक्षाही घातक असतो तो पुढचा उभा कडा. खालच्या, उतरत्या बॉनेटची मोटार माणसाच्या पायाला लागते. पाय मोडतो, माणूस बॉनेटवर पडतो. उंच, भिंतीसारख्या तोंडाची गाडी कमरेला किंवा छातीला लागते आणि माणसाला पुढं, चाकांच्या वाटेत पाडते. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी एक महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिनं २०२३ मध्ये पादचाऱ्यांना झालेल्या जवळपास अठरा हजार धडका तपासल्या. बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. चाळीस इंच म्हणजे १०२ सेंटिमीटर. बालवाडीतून पहिलीत गेलेल्या मुलाची उंची याहून फार जास्त नसते. त्याला गाडीचा धक्का डोक्यालाच लागणार.

त्यातही आपली एक खास भर म्हणजे पुढं लावलेला लोखंडी दांडा, बुलबार. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं. तरी कुठल्याही लग्नाच्या मांडवाबाहेर पाहा, चार गाड्यांना तो असतोच, बहुधा वर गुलालही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून मोटारींना सुरक्षिततेचे तारे मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते तारे मुख्यतः आत बसलेल्यांसाठी. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी. शंभरातली चौसष्ट माणसं कुठल्याच मोटारीच्या आत नव्हती.

उपाय काय, असं विचारलं तर पॅरिसकरांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेऊन बाहेरून येणाऱ्या जड मोटारींचं पार्किंग तिप्पट महाग केलं. आपल्याकडे पार्किंगचे पैसे घ्यायचे कुणी, इथपासून सुरुवात आहे. पण ट्रक आणि ट्रॉल्यांच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. जादा माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार. माल बाजूनं, मागं किंवा उंचीला मर्यादेबाहेर आला तरी वीस हजार. सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगितलं आहे, की दंड भरून तसंच पुढं जाता येणार नाही, जादा माल तिथंच उतरवावा लागेल.

रस्त्यावर अशी गाडी पकडायला काटा लागतो, माणूस लागतो, रात्री जागावं लागतं. उसाच्या बाबतीत यातलं काहीच नव्यानं करावं लागत नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर चढतेच. भरलेलं वजन, रिकामं वजन, गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ, सगळं छापून पावती निघते. एक प्रत वाहतूकदाराला मिळते आणि एक कारखान्याच्या शेतकी खात्यात फाईलला लागते.